आजीचा अंगठा

काल्हेर
१३ जुलै २०२५

मामा,

जयभीम. कुमारच्या हाती हे पुस्तक पाठवतेय. त्याला मुखपृष्ठ नाही, पहिली सोळा पानं नाहीत, म्हणून नाव नाही आणि कुणी लिहिलं तेही कळायला मार्ग नाही. आमच्या गोडाऊनमध्ये दुकानांतून परत आलेली पुस्तकं येतात. मी दिवसभर टेबलाशी उभी राहून ती निवडते. चांगली एका क्रेटमध्ये, डागाळलेली दुसऱ्यात, फाटलेली लगद्याला. हे लगद्यात टाकताना मधलंच पान उघडं पडलं आणि मी वाचतच राहिले. सुपरवायझर ओरडला, "मॅडम, लायब्ररी है क्या?" पण जेवणाच्या सुट्टीत त्यानेच सांगितलं, घेऊन जा, तसंही त्याचं दळणच होणार.

माणसाने घर कसं केलं, घरांचा समाज कसा झाला आणि ज्याला आपण प्रगती म्हणतो ती नेमकी कुणाची होते, असं सगळं त्यात आहे. लिहिणारी बाई आहे, एवढं वाचताना कळतं. फार टोचते ती. आठ दिवस झाले, मला चैन नाही. शिफ्टमध्ये हात चालतात आणि डोकं तिच्याशी भांडत असतं. आईला सांगायला गेले तर म्हणाली, "पुस्तकात काय लिवलंय ते राहू दे, कपडे वाळत घाल." म्हणून आता तुम्ही. फोनवर नको, फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणता. पुस्तक एकच आहे, तर ते आळीपाळीने वाचू आणि पत्र आत घालू. कुमार तुमच्याच गावचा, रोज मोटरसायकलवर वज्रेश्वरीहून ड्युटीला येतो. त्याला काही ओझं नाही.

पहिला प्रश्न. बाई म्हणते, एखाद्या घराची प्रगती मोजायची असेल तर त्या घराच्या फोटोत कोण नाही ते आधी विचारा. आपल्या फोटोत कोण नाही, मामा?

तुमची
धम्मदिना


वज्रेश्वरी
२० जुलै २०२५

प्रिय दिना,

जयभीम. पुस्तकाची दशा बघून मास्तरकीचे हात शिवशिवले. आधी खळ करून पाठीला जाड कागद चिकटवला, मगच वाचायला बसलो. चार प्रकरणं झाली. तुझ्या बाईंना प्रश्न विचारायची भारी हौस आणि आनंद मानायचा कंटाळा.

प्रगती कुणाची, म्हणे. मी सांगतो, आपली. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात राबली. आमच्या घरात कागदावर अंगठा उमटवणारी ती शेवटची. मी सही करायला शिकलो आणि छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवली. तू तर पदवीधर. तीन पिढ्या, तीन पायऱ्या. एवढं सोपं गणित असताना कपाळाला आठ्या कशाला? पदवी घेऊन तू दिवसभर उभी असतेस हे मला ठाऊक आहे. ते लिहू नकोस, तुझी आई फोनवर रोज ऐकवते.

इथे वर्षावास सुरू झाला. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. माझं वाचनाचं हे तिसावं वर्ष. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना अक्षरओळख नाही. मी वाटेल ते वाचलं तरी कोण पकडणार? पण तीस वर्षांत मी एक ओळ गाळली नाही की पदरचा एक शब्द घातला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर वाचायचं म्हणजे मोठी जोखीम असते. खोकल्याची ढास लागली तरी मी वाक्य पहिल्यापासून घेतो. हस तू, खुशाल हस.

फोटोचं म्हणशील तर आमच्या घरात फोटो एकच, आईचा, आणि तो तुमच्या भिंतीवर आहे. भावंडं आम्ही दोघं, मी आणि बकुळा. राहिलेलं कुणी नाही.

लहानूमामा


काल्हेर
३ ऑगस्ट २०२५

मामा,

जयभीम. तीन पिढ्यांचं गणित मला पाठ आहे. लहानपणी पाहुणे आले की तुम्ही ते मला म्हणायला लावायचात. पण बाई काय म्हणते बघा, पाचव्या प्रकरणात. शिडी चढून गेलेल्या माणसाला विचारलं की तो पायऱ्या मोजून दाखवतो, खाली शिडी धरून कोण उभं होतं ते सांगत नाही. हे वाचल्यापासून मी गोडाऊनमध्येही माणसं मोजत फिरतेय. लेबल चिकटवणाऱ्या पोरी कुणाची शिडी धरून उभ्या आहेत? एकीचा भाऊ इंजिनिअरिंगला आहे, एकीचा दीर पोलीस भरतीला. मग मला घर आठवलं.

आईला विचारलं, तुम्ही भावंडं किती? ती भाकरी थापत होती. "तिघं," म्हणाली आणि तिचे हात थांबले. मग भाकरी करपली, तिने माझ्यावर चिडून घेतलं, आणि रात्रीची भांडी घासताना माझ्याकडे पाठ करून एकदाची बोलली. हौसाताई, सगळ्यांत थोरली. भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. तिथल्या एका तेलुगू विणकराशी तिने लग्न केलं आणि घर तुटलं. आई तेव्हा दहा वर्षांची. "मंग एक पत्र आलं तायचं. आय ते दादाकडून परत परत वाचून घ्यायची. काय व्हतं त्यात ते मला न्हाय आठवत."

मामा, रागावू नका. पण दोन की तीन? एक ओळ गाळलीत ना तुम्ही?

आंतरजातीय लग्नावर दर वर्षी विहारात भाषण करता तुम्ही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. घरात असं लग्न झालं होतं हे एकदाही सांगावंसं वाटलं नाही? मला राग आला नाहीये, मला नुसतं बसवत नाही एका जागी. ती कुठे आहे?

धम्मदिना


वज्रेश्वरी
१० ऑगस्ट २०२५

दिना,

तीन. मी लिहायला हवं होतं.

ती गेली तेव्हा मी सोळा वर्षांचा, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. लोक नाही नाही ते बोलले. आईने फार सोसलं. नंतर संबंध राहिला नाही. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, ती आता असेल की नाही तेही माहीत नाही. बकुळाला यावरून छळू नकोस, तिचं ब्लड प्रेशर आधीच वर आहे.

पुस्तक परत पाठवतोय. सहाव्यापर्यंत वाचलं. सातवं प्रकरण रटाळ आहे, सोडलंस तरी चालेल.

लहानूमामा


काल्हेर
३१ ऑगस्ट २०२५

मामा,

जयभीम. हौसामावशी सापडली. आहे ती. भिवंडीतच, निजामपुऱ्यात, आपल्या घरापासून रिक्षाने अर्धा तास.

सलग दोन रविवार मी निजामपुऱ्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. "तेलुगू विणकराची मराठी बायको, वय सत्तर," एवढंच विचारायचे. एका चहावाल्याने सांगितलं, "वो जीवन की अम्मा? कांडीवाली?" जीवन तिचा मुलगा, लूमवर मुकादम आहे. नवरा वारून बारा वर्षं झाली.

खोलीत शेजारच्या लूमचा एवढा आवाज की भिंतीला हात लावला तर हात थरथरतो. ती कांडी भरायच्या मशीनशी बसली होती. "कोन हाय गो?" मी म्हटलं, बकुळाची मुलगी. मशीन बंद करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही, कांडी भरून वरून सूत ओघळायला लागलं. "बकू हाय? जित्ती हाय?" मग मला जवळ बसवलं, माझी बोटं उलटसुलट करून बघितली. म्हणाली, "तूपन हातांचंच काम करतीस." आणि मग मामा, तिने एकच विचारलं. "आय का न्हाय आली?"

मला काय माहीत? मग तिने रेशनकार्डाच्या डब्यातून एक पोस्टकार्ड काढलं. तिला वाचता येत नाही, तेव्हा कारखान्यातल्या कुणीतरी वाचून दाखवलं होतं, तेवढ्यावर तिला पाठ आहे. "हौसास, तुझे पत्र पोचले. आईस वाचून दाखविले. आई सांगते की तू आम्हांस मेलीस. इकडे येऊ नये, आम्हीही येणार नाही. पुन्हा पत्र टाकू नये." खाली जांभळ्या शाईचा अंगठा आणि शेजारी लिहिलंय, आईची निशाणी.

अक्षर तुमचं आहे. शेवटच्या शब्दाखाली तुम्ही नेहमी मारता ती दुहेरी रेघसुद्धा आहे. मला तुमची इतकी कीव आली, मामा. सोळा वर्षांचा मुलगा, आई शेजारी बसून असलं सांगतेय आणि तो लिहितोय! म्हणून तुम्ही गप्प होतात, आता कळलं. आजीने ते पत्र परत परत ऐकलं आणि तरी हे लिहायला लावलं? आम्हाला तर सांगितलं होतं की आजीच्या तोंडून कधी कुणाला वाकडा शब्द गेला नाही.

मावशी त्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "लोकं म्हनाली, भावानंच लिवलं असंल. मी म्हटलं, अंगठा तर आयेचा हाय ना."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर आजीचा फोटो भिंतीवर नाही. ट्रंकेत पालथा ठेवलाय.

पुस्तक सध्या माझ्याकडेच राहू दे.

धम्मदिना


काल्हेर
२१ सप्टेंबर २०२५

मामा,

तीन आठवडे झाले. तुमचं उत्तर नाही. कुमार म्हणतो, गुरुजी विहारात येतात पण मागे बसतात, वाचायला उन्नतीला बसवलंय, ती दहावीतली मुलगी. तीस वर्षांनी? बरं नाही का तुम्हाला?

आजीवर मी फार कडक लिहिलं, त्याचा राग आला असेल तर सांगा. पण मी शब्द मागे घेणार नाही. आई रोज उठून आधी त्या फोटोसमोर मेणबत्ती लावायची. आता खिळा तेवढा राहिलाय, आणि ती त्या भिंतीकडे न बघता चहा करते. मावशीला भेटायलाही तयार नाही. म्हणते, "कुठल्या तोंडानं जाऊ? माज्याच आयेनं तिला मारून टाकली."

सातवं प्रकरण वाचलं. मुळीच रटाळ नाही. बाई म्हणते, सगळ्या घरात एकालाच वाचता येत असेल तर बाकीच्यांचं जग त्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत येतं, आणि त्याने काय गाळलं ते कुणालाच कळत नाही. पानाची घडी घालून पुस्तक पाठवतेय. हे तुम्हाला रटाळ का वाटलं, मामा?

धम्मदिना


वज्रेश्वरी
३० सप्टेंबर २०२५

दिना,

आईने ते सांगितलं नव्हतं. तो अंगठा माझा आहे.

हे एक वाक्य लिहायला मला महिना लागला. आता बाकीचं लिहितो.

हौसाताईचं पत्र आलं ते कुणा मुनीमाच्या अक्षरात होतं. पोस्टमन शाळेत देऊन गेला, कारण घरात वाचणारा मी एकटा. त्यात लिहिलं होतं: "आई, मला मुलगा झाला. सोमवारपासून रोज दुपारच्या गाडीला मी बाळाला घेऊन भिवंडीच्या स्टँडवर उभी राहीन. तू ये. बकूला आण. माझ्यावर राग असला तर माझ्याशी बोलू नको, बाळाला बघ आणि जा."

वर्गातली मुलं मला तिच्यावरून चिडवत. गुरुजींनी सांगितलं होतं, तू पास झालास तर वस्तीतला पहिला. आई गेली असती तर बाळ आणि ताई दोघांना घेऊनच परतली असती, मी तिला ओळखत होतो. मग पुन्हा सगळी वस्ती दाराशी. मला नको होतं. मला लाज वाटत होती, दिना, याला दुसरा चांगला शब्द नाही. मी कागद समोर धरला आणि वाचलं, "आई, मी खुशाल आहे. आम्ही लांब सोलापूरला चाललो. शोधू नका."

आई म्हणाली, परत वाच. मी वाचलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर म्हणाली, परत वाच. मी वाचलं तर म्हणाली, "काल खुशाल म्हनलास, आज बरी म्हनतोस. काय लिवलंय तिनं नेमकं?" अंगठाबहाद्दर बाई, पण एकेक शब्द ध्यानात ठेवलेला. मी घाबरलो. रात्रीत मूळ पत्र चुलीत घातलं आणि माझं खोटं पत्र वेगळ्या कागदावर लिहून काढलं, म्हणजे रोज तेच शब्द येतील. पुढे कितीतरी वर्षं ती ते ऐकत राहिली. शोधू नका, या शब्दांवर दर वेळी मान हलवायची.

ताई पुन्हा पत्र टाकेल ही धास्ती होतीच. म्हणून ते कार्ड. शाळेच्या ऑफिसातल्या शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. तुला मी ऐटीत लिहिलं होतं की आमच्या घरात अंगठा लावणारी आई शेवटची. शेवटचा मी.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा आधी काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. तू आजीवर रागावली होतीस आणि माझी कीव करत होतीस. आईला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, ती थोडीच काही म्हणणार आहे? राहू दे असंच, असं मनाशी ठरवलंही. विहारात गेलो, ग्रंथ उघडला आणि तोंडातून अक्षर फुटेना. समोर म्हाताऱ्या बसलेल्या, सगळ्यांचे कान माझ्याकडे. उन्नतीला बोलावलं आणि मागे जाऊन बसलो. तरीही तुला लिहिलं नाही. मग तू खिळ्याचं लिहिलंस.

तुझ्या बाईंचं सातवं प्रकरण मी दोन पानं वाचून मिटलं होतं. आता पूर्ण वाचलं. त्यांनी माझं घर कुठे पाहिलं कोण जाणे.

बकुळाला हे पत्र वाचून दाखव. किंवा नको. काय करू ते तूच सांग.

लहानू


काल्हेर
४ ऑक्टोबर २०२५

मामा,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं, दोनदा टेबलाखाली लपवून. सुपरवायझरने क्रेट लाथाडला माझा. मला तुमच्यावर ओरडायचंय आणि तुम्हाला जेवलात का हेही विचारायचंय, दोन्ही एकदम, आणि दोन्ही जमत नाहीये.

मी आईला वाचून दाखवणार नाही. या घरात आता कुणी कुणासाठी वाचायचं नाही. तुम्ही या आणि स्वतः सांगा. आधी आईला, मग तिला घेऊन निजामपुऱ्यात जा. जीवनदादाला मी निरोप दिलाय की रविवारी, बारा तारखेला पाहुणे येतील. कोण ते सांगितलं नाही. मला दिवाळीमुळे रविवारचीही ड्युटी आहे, सुट्ट्या बंद. त्यामुळे तुमची शिडी धरून मला उभं राहता येणार नाही.

ती हाकलून देईल कदाचित. तरी जा.

दिना


वज्रेश्वरी
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिना,

जयभीम. काल तू ड्युटीवरून आलीस तोवर मी शेवटच्या गाडीने निघालो होतो. बकुळाने तुला तिच्या परीने सांगितलं असेल. माझं मी लिहितो.

बकुळाला तुमच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच सांगितलं. तिने हातातलं उलथनं फेकून मारलं, ते माझ्या खांद्याला लागलं. मग ओट्याला धरून बराच वेळ रडली. रडून झाल्यावर ट्रंक उघडली, आईचा फोटो काढला, पदराने पुसला. मला वाटलं खिळ्याला लावेल. तिने तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि म्हणाली, "चल."

रिक्षातून उतरलो आणि गल्लीच्या तोंडाशीच मी थांबलो. साठी उलटलेला माणूस, दिना, पण बकुळाने मला शाळेत नेतात तसं मनगट धरून नेलं.

ताईने बकुळाला आधी ओळखलं. दोघी किती वेळ एकमेकींना धरून होत्या ते मी बघितलं नाही, मी दारातल्या चपलांकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "आन हा?" मी सांगितलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कार्डाचं, अंगठ्याचं, चुलीचं. तिने हात लांब करून मशीन बंद केलं. शेजारचे लूम चालूच होते. जीवन तावातावाने उठला, त्याला तिने तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि तो बाहेर गेला.

"मंग आयेला काय वाचून दावलंस?"

मला ते अजून पाठ आहे. म्हणून दाखवलं. खुशाल, सोलापूर, शोधू नका.

"म्हंजे आयेला ठावंच न्हवतं. मी आठ दिस हुबी हुती स्टँडावर, तिला ठावंच न्हवतं." तिने हे दोन-तीनदा म्हटलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं तिला बरं वाटत होतं, आणि त्यानेच मला जास्त लागलं. मग म्हणाली, "आता माजं वाच."

पत्र तर मी जाळलं होतं. पण तेही पाठ आहे. मी म्हणायला लागलो. आई, मला मुलगा झाला. सोमवारपासून रोज दुपारच्या गाडीला. बाळाला बघ आणि जा, इथवर आलो आणि थांबलो.

ती म्हणाली, "एक राह्यलं."

मी मान खाली घातली.

"शेवटाला मी मुनीमाला लिवायला लावलं व्हतं. लहान्या, आयेला वाचता येत न्हाय. तू नीट वाच. काय गाळू नको."

मला ते आठवत होतं, दिना. पन्नास वर्षं एक दिवस विसरलो नाही. तुला सगळं लिहायला बसलो त्या पत्रातसुद्धा मी तेवढं गाळलं होतं.

बकुळाने लुगडं सोडलं आणि फोटो कांड्यांच्या खोक्यावर भिंतीला टेकवून ठेवला. ताईकडे आईचा फोटो नव्हताच कधी. आता तो तिथेच राहील, तुमच्या भिंतीवर नाही. ताईने फोटोला बोट लावलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आय बसलीय म्होरं," ती म्हणाली. "वाच."

मी पहिल्यापासून घेतलं.

लहानूमामा